संगणकाची सनद: फी भरण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न

शहागंजमध्ये शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान चालविणारे माझे एक जुने स्नेही गेल्या महिन्यात एक रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावी झालेला, दोन वर्षे वडिलांच्या हाताखाली काम केलेला आणि आता 'मला कॉम्प्युटरमध्येच जायचे' म्हणून हट्ट धरून बसलेला. पत्रकावर 'इंटरनॅशनल डिप्लोमा' आणि 'शंभर टक्के नोकरी' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. फी होती पंच्याऐंशी हजार रुपये.

"भाई, तुम्ही या धंद्यातले. याच्या अम्मीने बांगड्या काढून ठेवल्यात. भरू का?"

मी विचारले, "परीक्षा कोण घेणार?"

"क्लासवालेच घेणार."

"आणि सर्टिफिकेट?"

"तेही तेच देणार."

मी म्हटले, "तुम्ही मशीन दुरुस्त करता आणि ठीक झाली म्हणून स्वतःच चिठ्ठी लिहून देता. गिऱ्हाईक चिठ्ठी पाहून पैसे देते की टाके पाहून?" ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत), दहावी-बारावीचे निकाल लागले की अशी पत्रके घराघरांत येतात. ज्या घरात पूर्वी कुणी या क्षेत्रात गेलेले नाही, त्या घराला कोणता कागद कामाचा आणि कोणता रद्दीचा हे कळायला मार्ग नसतो. विणकर, गॅरेजवाला, फळविक्रेता, बेकरीवाला आपल्या मालाची पारख डोळे मिटून करील, पण या मालाच्या बाबतीत तो अडाणी ठरतो आणि त्याच अडाणीपणावर काहींची दुकाने चालतात.

हे मी दुसऱ्याचे सांगत नाही. १९९८ साली मी स्वतः असा फसलो आहे. त्या वेळी 'वाय टू के'ची हवा होती. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच सगळे बंद पडेल, ते दुरुस्त करायला अमेरिकेला माणसे हवीत, कोबोल शिका आणि विमानात बसा, असे गल्लोगल्ली ऐकू येत होते. मी उसनवारी करून एका क्लासमध्ये नाव घातले. क्लासचे नाव आता घेण्यात अर्थ नाही, तो केव्हाच बंद झाला. २००० साल आले आणि गेले, २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्या कोसळल्या आणि माझ्या हातात क्लासच्याच शिक्क्याचा एक जाड कागद राहिला. तो कागद मला पुढे एकाही मालकाने मागितला नाही. कोबोल वाईट होते असे नव्हे. बँकांच्या जुन्या यंत्रणांत ते आजही चालते. पण इथे, वाळूज आणि चिकलठाण्यात, ते मागणारे कुणी नव्हते. मी आधी कागद घेतला आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघालो, हीच माझी चूक.

म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. परीक्षा शिकविणारा घेतो की दुसरा कुणी? ही सनद आपल्या गावात नेमके कोण मागतो? आणि ती किती वर्षे चालते? या तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवावेत.

पहिल्या प्रश्नाचे मोल आपल्या कारागिरांना सांगावे लागू नये. शागिर्द तयार झाला की नाही हे बाजार ठरवतो, शागिर्दाचा बाप नव्हे. संगणक क्षेत्रातही ज्या सनदांना वजन आहे त्यांत शिकविणारा वेगळा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो. सिस्को कंपनीची सीसीएनए तुम्ही कुठल्याही क्लासमध्ये शिका किंवा घरी शिका, परीक्षा मात्र पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फतच द्यावी लागते. कॉम्पटिया, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या परीक्षाही अशाच बाहेरच्या यंत्रणेमार्फत होतात. निकाल कंपनीच्या नोंदीत राहतो आणि मालकाला तो इंटरनेटवर पडताळून पाहता येतो. क्लासवाल्याने छापलेल्या 'सीसीएनए कोर्स कम्प्लिशन' कागदाला सीसीएनए म्हणत नाहीत, हा फरक शंभरातल्या नव्वद पालकांना कुणी सांगितलेला नसतो.

हाताशी असलेली सरकारी वाट

विद्यापीठाच्या आवारात एक संस्था आहे, तिची माहिती आपल्या वस्त्यांत फार थोड्यांना आहे. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने इथे इलेक्ट्रॉनिक्सचे डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकविणारे केंद्र उभे केले. जुने लोक त्याला 'सीईडीटीआय' म्हणून ओळखतात. पुढे ते 'डोएक'मध्ये सामील झाले आणि २०११ मध्ये डोएकचे नाव 'नायलिट' झाले. म्हणजेच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची संस्था. इथे इलेक्ट्रॉनिक्समधील पदविकेपासून एम.टेक.पर्यंतचे शिक्षण दिले जाते. मोबाईल किंवा टीव्ही दुरुस्तीच्या घरातल्या मुलाने दहावीनंतर इथल्या पदविकेची चौकशी केलीच पाहिजे, कारण सोल्डरिंगचा हात त्याला घरूनच मिळालेला असतो.

नायलिटच्या संगणक परीक्षांना ओ, ए, बी आणि सी अशा चार पायऱ्या आहेत. ही योजना १९९० साली सुरू झाली. ओ लेव्हल ही पायाभूत, साधारण वर्षभराची पायरी. बारावी झालेल्याला ती घेता येते. आजच्या अभ्यासक्रमात संगणक व नेटवर्कची तोंडओळख, वेबसाइट तयार करणे, पायथन भाषेत प्रोग्रामिंग आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज असे चार विषय आहेत, शिवाय प्रात्यक्षिक आणि प्रकल्प. परीक्षा वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत होते. संस्थेत नाव न घालता थेट परीक्षेला बसण्याचीही सोय आहे. मात्र तिच्या अटी फॉर्म भरण्यापूर्वी नायलिटच्याच संकेतस्थळावर वाचाव्यात, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत.

या सनदेचा उपयोग काय? महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीची जाहिरात काढून पाहा. संगणक अर्हतेच्या रकान्यात डोएकची सीसीसी, ओ, ए, बी किंवा सी पातळी, नाहीतर एमएस-सीआयटी, असे लिहिलेले सापडेल. म्हणजे तिला मागणारा नावानिशी दाखविता येतो. माझ्या त्या कोबोलच्या कागदाला हे भाग्य कधी लाभले नाही.

एमएस-सीआयटीबद्दल मात्र गैरसमज दूर करायला हवा. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम २००२ पासून गावोगावी चालतो. परीक्षा व प्रमाणपत्र राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचे असते आणि सरकारी नोकरीसाठी ते लागते, म्हणून ते जरूर करावे. पण ते संगणक 'वापरता' येतो याचे प्रमाणपत्र आहे, संगणक क्षेत्रात नोकरी मिळण्याचे नव्हे. सायकल चालविता येणे आणि सायकलचे दुकान चालविणे यांत जेवढे अंतर, तेवढे अंतर इथे आहे. नायलिटची सीसीसीही याच जातीची, ८० तासांची. दोन्ही करण्यात वेळ घालवू नये, एक पुरे.

दहावीवरच थांबलेल्या मुलांसाठी आयटीआयमधला 'कोपा' हा एक वर्षाचा व्यवसाय आहे: कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. आयटीआय म्हटले की फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून याच्याकडे लक्ष जात नाही. त्यानंतर ॲप्रेंटिसशिप करता येते आणि कारखान्याच्या फाटकाच्या आत पाऊल पडते. आपल्या शहरात त्या पावलाची किंमत मोठी आहे.

इथे काम कोणते आहे?

पुण्यातल्या हिंजवडीची स्वप्ने पाहण्यापूर्वी आपल्या शहराकडे पाहू. हे कारखान्यांचे शहर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनविणाऱ्यांची रांग लागली. चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन. चिकलठाण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे केंद्र आहे, पण मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची गर्दी इथे नाही, हे मान्य केले पाहिजे. मग संगणकाचे काम कुठे आहे? प्रत्येक कारखान्यात, रुग्णालयात, शाळेत, पतसंस्थेत आणि हॉटेलात नेटवर्क आहे, सर्व्हर आहे, कॅमेरे आहेत, प्रिंटर आहेत, आणि ते रोज बिघडतात. ते सांभाळणारा माणूस लागतो. त्याला पगार सुरुवातीला थोडाच मिळतो, हेही सांगून ठेवतो. पण तिथे दोन वर्षे काढलेल्याला पुण्याचे दार उघडते. नुसत्या कागदावर ते क्वचितच उघडते.

या कामासाठी दोन सनदा जगभर ओळखल्या जातात. कॉम्पटियाची ए प्लस ही संगणकाचे हार्डवेअर आणि दुरुस्ती यांची, १९९३ पासूनची. तिच्या दोन स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात. दुसरी सिस्कोची सीसीएनए, नेटवर्कची, १९९८ पासूनची. माझे मत विचाराल तर आपल्याकडे ए प्लसपेक्षा सीसीएनएचे नाव मालकांच्या जास्त ओळखीचे आहे. हार्डवेअरचे काम ते हात पाहून देतात, नेटवर्कचे काम मात्र हात आणि कागद दोन्ही पाहून. पैठण गेटला मोबाईल दुरुस्तीत चार वर्षे काढलेल्या मुलाने ए प्लसवर खर्च करण्यापेक्षा ती विद्या पुस्तकातून पक्की करावी आणि पैसे सीसीएनएसाठी राखून ठेवावेत.

पैसे थोडेथोडके नाहीत. सीसीएनएच्या एका परीक्षेची फी तीनशे डॉलर आहे. म्हणजे कर धरण्यापूर्वीच पंचवीस हजारांच्या वर, आणि नापास झालात तर पुन्हा तेवढेच. म्हणून तयारी फुकट किंवा स्वस्तात करावी आणि पैसा परीक्षेवरच घालावा. सिस्कोची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे. तिचे सुरुवातीचे अभ्यासक्रम आणि 'पॅकेट ट्रेसर' हे सॉफ्टवेअर विनाशुल्क मिळते. त्यात पडद्यावरच राउटर, स्विच आणि केबल जोडून सराव होतो. खरा राउटर विकत घ्यावा लागत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच थोडी फी लागते. ज्याला पॅकेट ट्रेसरवर तीन महिने चिकाटीने बसवत नाही, त्याचे पंचवीस हजार वाचले असे समजावे.

क्लाउडची चर्चा आता सगळीकडे आहे. ॲमेझॉनची प्रवेशाची सनद, क्लाउड प्रॅक्टिशनर, शंभर डॉलरची आहे आणि त्यापुढची असोसिएट दीडशेची. मायक्रोसॉफ्टच्याही अशाच आहेत. माझा अनुभव असा, की ज्याला लिनक्स आणि नेटवर्क येत नाही त्याने क्लाउडची सनद घेतली तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो अडखळतो. पाया भरल्याशिवाय गच्चीवर खोली चढविता येत नाही. सॅपचेही तसेच. मोठे कारखाने सॅप वापरतात हे खरे, पण ते घेतात अनुभवी माणूस. लाखभर रुपये भरून आलेला नवखा त्यांच्या कामाचा नसतो.

उलट ज्या सनदेकडे मुले तुच्छतेने पाहतात तिला आपल्या बाजारात भरपूर काम आहे, ती म्हणजे टॅली. हे सॉफ्टवेअर १९८६ पासूनचे, बंगळुरूचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गुलमंडीपासून मोंढ्यापर्यंत प्रत्येक व्यापाऱ्याला महिन्याच्या महिन्याला हिशेब भरणारा माणूस लागू लागला. वाणिज्य शाखेच्या मुलाने किंवा मुलीने टॅली, जीएसटी आणि एक्सेल पक्के केले तर घरबसल्या पाच-सात दुकानांचे काम धरता येते. इथेही क्लासचा कागद वेगळा आणि टॅली कंपनीची स्वतःची परीक्षा वेगळी, हे लक्षात असू द्यावे. आपल्या कितीतरी मुली शिकूनही प्रवासाच्या अडचणीमुळे घरी बसतात. त्यांच्यासाठी ही वाट मला प्रोग्रामिंगपेक्षा जवळची वाटते. मात्र ज्या मुलीला गणिताची गोडी आहे तिला टॅलीवर थांबवू नये.

सनदेलाही मुदत असते

तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. नव्वदच्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या सीएनई सनदेला सोन्याचा भाव होता. नंतर कार्यालयांतून नॉव्हेलचे नेटवेअर गेले आणि सनदेचे मोलही गेले. मग मायक्रोसॉफ्टची एमसीएसई आली. वर्तमानपत्रांत तिच्या पानभर जाहिराती असत. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर तिच्या उरलेल्या परीक्षाही बंद केल्या. तरीही एखाद्या पाटीवर 'एमसीएसई शिकविले जाईल' असे दिसले तर आत न जाता पुढे निघावे.

आज सीसीएनए तीन वर्षे चालते, ए प्लस तीन वर्षे, ॲमेझॉनच्या सनदाही तीन वर्षे. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट दर्जाच्या सनदा एकच वर्ष चालतात, पण त्यांचे नूतनीकरण इंटरनेटवर विनाशुल्क होते. नायलिटची ओ लेव्हल किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र असे कालबाह्य होत नाही. म्हणून जी सनद मरत नाही ती आधी घ्यावी आणि जी तीन वर्षांत मरते ती नोकरीच्या तोंडावर घ्यावी. बारावीतच सीसीएनए करून पदवीपर्यंत ती शिळी करण्यात काय फायदा?

पदवीचा विषय निघाला म्हणून सांगतो. सनदा पदवीची जागा घेतात असे क्लासवाले म्हणतात. इथल्या छोट्या फर्ममध्ये ते खरे असेल, पण मोठ्या कंपन्यांत अर्जाची पहिली चाळणी आजही बहुधा पदवीवर लागते. आखातात जायचे म्हणाल, तर तिथेही कुशल पदासाठी बहुतेक वेळा पदवी किंवा पदविकेचे साक्षांकित कागद मागतात. रौझा बागेतल्या मौलाना आझाद महाविद्यालयासारखी, १९६३ पासूनची, महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. ज्याला दुकान सोडता येत नाही त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांनी सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. तिला प्रवेश परीक्षा आहे, आणि जिथे प्रवेशालाच गाळणी असते तिथून बाहेर पडणाऱ्यालाही भाव मिळतो.

पैशाची सोय हा नाजूक भाग. २००० साली स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज अल्प व्याजाने देते, पण ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना, गल्लीतल्या क्लासच्या 'इंटरनॅशनल डिप्लोमा'ला नव्हे. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्यांना एकच मार्ग आहे: एकदम मोठी फी न भरता पायरी-पायरीने, कमावत-कमावत शिकणे. या क्षेत्रात ते शक्य आहे, डॉक्टरकीत नाही. दरमहा हप्ता कापणाऱ्या फायनान्स कंपनीचा फॉर्म क्लासच्या टेबलावर पुढे आला तर सही करू नये. क्लास बंद पडला तरी हप्ता सहसा बंद पडत नाही.

'डम्प' नावाचा एक रोगही आहे. खऱ्या परीक्षेतून चोरलेले प्रश्न पाठ करून पास व्हायचे. काही क्लासवाले तीच मोठी सेवा म्हणून विकतात. कंपनीला कळले तर ती सनद रद्द करते. न कळले तरी राउटरसमोर उभे केल्यावर पहिल्याच दिवशी कळते. आणि हल्ली 'दोन दिवसांत एआय एक्सपर्ट' करणारी जी प्रमाणपत्रे वाटली जातात त्यांच्याबद्दल एवढेच म्हणेन, की दोन दिवसांत शिलाई मशीनला तेल घालायलाही धड येत नाही.

शेवटी एक बारीक बाब, जिच्यामुळे आपल्या मुलांची परीक्षाच हुकते: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेत 'मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद'चे संक्षिप्त 'मोहद', पॅनकार्डावर 'शेख' पुढे तर गुणपत्रिकेत मागे, आणि बापाच्या नावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले नाही तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवतात आणि फी सहसा बुडते. डॉलरमध्ये भरलेली फी स्पेलिंगच्या एका अक्षरासाठी जाऊ द्यायची का?

स्नेह्यांच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. मुलगा हुशार निघाला. मशीनची मोटर तो डोळे मिटून खोलतो आणि पायथनचे दोन-चार धडे मोबाईलवर करून बसला होता. नायलिटमध्ये जाऊन तो ओ लेव्हलची माहिती घेऊन आला. सकाळी अभ्यास आणि जोहरनंतर दुकान, असे बापलेकांत ठरले. अम्मीच्या बांगड्या परत डब्यात गेल्या. जानेवारीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, पण त्याआधी काम निघाले ते आधार केंद्रावर: गुणपत्रिकेत नावात दोन 'एम' आहेत, आधारवर एक.